"मलाच काही कळत नाही हो": कस्टमर असं म्हणाला की कान टवकारा



दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "काही कमी होईल का?" यात वादच नाही. पण दुसऱ्या नंबरवर कोणतं, सांगा बघू. आमचं बार्शीत घरगुती इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. आमच्याकडे दुसरा नंबर या वाक्याचा लागतो: "मलाच काही कळत नाही हो यातलं."

आजी म्हणतात, रिटायर्ड मास्तर म्हणतात, इंजिनिअर झालेली पोरंसुद्धा म्हणतात. आणि आपण काय करतो? "सोपं आहे हो काकू, सवय होईल," असं म्हणून पुढच्या कस्टमरकडे वळतो. बिल झालं, माल गेला, विषय संपला.

विषय संपत नाही. आठ दिवसांनी फोन येतो. "एसी थंड करत नाही." "मिक्सर जळाला." "मशीन पाणीच घेत नाही." माणूस पाठवा, तर बऱ्याच वेळा वस्तू ठणठणीत असते. मग बिघडलं काय? बिघाड असतो वस्तू आणि माणूस यांच्या बोलण्यात. वस्तूनं जे सांगायला हवं होतं ते तिनं सांगितलेलं नसतं, आणि दोष मात्र माणूस स्वतःला लावून घेतो.

डॉन नॉर्मन नावाचे एक अमेरिकन अभ्यासक आहेत. रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या डिझाइनवर त्यांचं १९८८ सालचं पुस्तक आहे, आज ते "द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज" या नावानं मिळतं. त्यांचा एक मुद्दा आपल्या गल्ल्यावर लिहून ठेवावा असा आहे. साधी वस्तू वापरताना माणूस अडला की तो स्वतःला बावळट समजतो. पण तीच चूक दहा जण करत असतील, तर चूक डिझाइनमध्ये शोधायला हवी.

आता आपल्या दुकानातल्याच चार वस्तू घेऊन बघू.

१. मिक्सरच्या पोटाखालचं बटण

मिक्सर उलटा करून बघितलाय कधी? खाली एक छोटं बटण असतं, बहुतेक वेळा लाल. त्याला ओव्हरलोड प्रोटेक्टर म्हणतात. भांड्यात जास्त माल भरला, किंवा घट्ट वाटण खूप वेळ फिरवलं, की मोटर जास्त करंट ओढते. ती जळू नये म्हणून हे बटण बाहेर येतं आणि करंट तोडतं. मिक्सर थोडा वेळ गार होऊ द्यायचा, भांड्यातला माल कमी करायचा, बटण आत दाबायचं. झालं, मिक्सर चालू.

आता बघा, संरक्षण म्हणून ही सोय एक नंबर आहे. पण वापरणाऱ्या ताईंच्या बाजूनं विचार करा. मिक्सर चालता चालता गप्प झाला. दिवा नाही, आवाज नाही, वर कुठे काही लिहिलेलं नाही. उपाय कुठे आहे? जिथे त्यांची नजर कधीच जात नाही तिथे, पोटाखाली. मग त्यांच्या मनात एकच विचार येतो: जळाला. त्यात गरम वास आलेला असतो, म्हणजे खात्रीच झाली. मिक्सर पिशवीत घालून रिपेअरवाल्याकडे. तिथे प्रामाणिक माणूस भेटला तर तो हसून बटण दाबून देतो. नाही भेटला तर "कॉइल गेली" म्हणून बिल होतं.

यावर उपाय किती वेळाचा आहे? वीस सेकंदांचा. विकताना मिक्सर उलटा करा आणि ते बटण कस्टमरच्या बोटानं दाबून घ्या. आपल्या बोटानं नाही. ज्यानं एकदा स्वतः दाबलं, त्याला ते दोन वर्षांनीही आठवतं.

मिक्सरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या देशातल्या चांगल्या डिझाइनचं ते मोठं उदाहरण आहे. १९६० च्या दशकात मुंबईत एस. पी. माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणानं जळला. तिकडचा मिक्सर मऊ पदार्थ फिरवायला बनवलेला. इथे त्याच्यात खोबरं, भिजवलेली डाळ, सुके मसाले पडणार. माथुरांनी आपल्या स्वयंपाकाला झेपेल अशी दणकट मोटर लावून मिक्सर बनवला, आणि त्यातूनच पुढे "सुमीत" घराघरात गेला. जुन्या मिक्सरमध्ये वाईट काही नव्हतं, तो दुसऱ्याच स्वयंपाकघरासाठी बनला होता. माथुरांनी आधी आपल्या ओट्यावर काय वाटलं जातं ते बघितलं आणि मग मोटर निवडली.

२. एसीचा रिमोट आणि फ्रिजचं बटण

उन्हाळ्यात आमच्याकडे येणारा ठरलेला फोन: "नवा एसी आहे, नुसतं वारं येतंय." निम्मं निदान फोनवरच होतं. रिमोटवर मोड नावाचं बटण असतं. चुकून दाबलं गेलं की कूलिंगवरून फॅनवर जातं. कूलिंगची खूण म्हणजे बर्फाच्या कणाचं चित्र. आपल्याकडे बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवर बघितलेला! त्या चांदणीसारख्या चित्राचा अर्थ "थंड करा" असा आहे, हे कस्टमरला आपोआप कसं कळणार? पाण्याचा थेंब म्हणजे ड्राय मोड, हे तर अजूनच उलटं. थेंब दिसतो आणि काम असतं हवेतला ओलावा कमी करण्याचं.

दुसरी गंमत. एसीच्या साध्या रिमोटचा स्क्रीन एसीत काय चाललंय ते दाखवत नाही. रिमोटनं काय सांगितलं, तेवढंच दाखवतो. तुम्ही रिमोट भिंतीकडे धरून २४ केलं, सिग्नल एसीपर्यंत पोचलाच नाही, तरी रिमोटवर २४ दिसणार. एसीला निरोप मिळाला याची पावती एकच, ती "बीप". कस्टमरला एवढंच सांगा: "काका, बीप ऐकू आली तर एसीनं ऐकलं. नाही आली तर परत दाबा."

तिसरा मुद्दा पैशाचा आहे. बरेच जण खोली लवकर गार व्हावी म्हणून एसी १६ वर लावतात. बाहेरून घामाघूम होऊन आलेल्या माणसाला ते बरोबरच वाटतं. नळ जास्त उघडला की बादली लवकर भरते, तसंच हे असणार. पण खोली ३६ अंशांवर असेल तर तुम्ही २४ लावा नाहीतर १६, सुरुवातीला एसी जोर लावतो तो जवळपास सारखाच. १६ म्हणजे कुठे थांबायचं तो आकडा. तो आकडा येतच नाही, म्हणून मशीन थांबतच नाही आणि बिल वाढत राहतं. स्टार रेटिंग देणारी जी सरकारी संस्था आहे, ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सी, तिच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशानं वाढवून ठेवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या एसीचं सुरुवातीचं सेटिंग २४ अंश ठेवण्याचा नियम आला. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, बंदी घालावी लागली नाही. फक्त सुरुवातीचा आकडा बदलला. डिझाइनची ताकद बघायची असेल तर इथे बघा. बहुतेक माणसं जे समोर येतं तेच चालू ठेवतात.

आता हाच कस्टमर फ्रिजकडे जातो. बहुतेक साध्या फ्रिजमध्ये १ ते ५ किंवा १ ते ७ आकड्यांचं फिरवायचं बटण असतं. तिथे आकडा वाढवला की थंडी वाढते. एसीत आकडा कमी केला की थंडी वाढते. एकाच घरात, दहा पावलांच्या अंतरावर, थंड करणाऱ्या दोन वस्तू आणि दोघींची भाषा उलटी! फ्रिज १ वर ठेवून "दूध फाटतंय, गॅस भरायला माणूस पाठवा" म्हणणाऱ्या मावशींवर हसायच्या आधी हे लक्षात घ्या.

३. सपाट काच आणि बोटांची नजर

एक प्रयोग करा. गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर घ्या आणि शेजारी मोबाईलचा डायल पॅड उघडा. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत ७-८-९ आहे, फोनवर १-२-३. फोनची मांडणी उगाच ठरलेली नाही. बटणांचे फोन येणार होते तेव्हा अमेरिकेतल्या बेल लॅब्सनं बटणांच्या वेगवेगळ्या रचना माणसांना वापरायला देऊन तपासल्या आणि १९६० मध्ये तो अभ्यास छापला. आपला हात मात्र दिवसभर दोन्ही मांडण्यांवर फिरतो. फोन नंबर लिहून घेताना घोटाळा होतो, तो काही उगाच नाही.

अजून एक बघा. बटणांच्या फोनवर ५ च्या बटणावर एक छोटा उंचवटा असतो. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर एफ आणि जे या दोन बटणांवर असतो. न बघता बोटाला जागा सापडावी म्हणून. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तो टिपका म्हणजे रस्ता आहे, आणि आपल्यासारख्यांनाही अंधारात उपयोगी पडतो.

आता इंडक्शन शेगडी आणि नव्या वॉशिंग मशीनचा पॅनल आठवा. सपाट काच. शोरूममध्ये दिवे लागल्यावर काय भारी दिसते! पुसायलाही सोपी. पण बोटाला काहीच लागत नाही. मोतीबिंदू झालेल्या आजींना अक्षर दिसत नाही आणि चाचपडायला उंचवटा नाही. त्यात कणकेचा किंवा ओला हात लागला की टच नीट ओळखत नाही. स्वयंपाकघरात हात कोरडा असतो तरी कधी?

आमच्या एका कस्टमरच्या घरी, वैरागजवळच्या गावात, मुलानं आईसाठी मशीन घेतलं आणि तो पुण्याला नोकरीला गेला. सहा महिन्यांनी आमचा माणूस दुसऱ्या कामाला तिथे गेला, तर मशीनवर चादर टाकलेली आणि वर धान्याचे डबे. आजी पूर्वीसारख्याच दगडावर धुणं धूत होत्या. म्हणाल्या, "चुकीचं काही दाबलं गेलं तर पोराचे पैसे वाया जातील." मशीन चालू होतं, वॉरंटीत होतं. कागदावर सगळं बरोबर. आणि सत्तरीतली बाई पाठ वाकवून रोज धुणं धूत होती.

आमच्या माणसानं काय केलं? आजींच्याच डबीतल्या तीन टिकल्या घेतल्या, खड्याच्या, बोटाला लागतील अशा. एक पॉवरवर, एक प्रोग्रॅमवर, एक स्टार्टवर. "पहिली, दुसरी दोनदा, तिसरी. बाकी कशाला हात लावू नका." आजींकडून तीन वेळा करून घेतलं. डबे खाली उतरले. खर्च शून्य. तेव्हापासून टिकलीचं पाकीट आमच्या डिलिव्हरीच्या पिशवीत असतंच.

४. दोन अक्षरांची कम्प्लेंट

वॉशिंग मशीन अडलं की स्क्रीनवर दोन अक्षरं येतात. उदाहरणार्थ काही मशीनवर "आय ई". याचा अर्थ पाणी नीट आत येत नाही. कारणं अगदी साधी: नळ बंद आहे, टाकी रिकामी झाली आहे, किंवा पाइपच्या तोंडाशी असलेल्या जाळीत गाळ अडकलाय. आपल्या भागात पाणी रोज येत नाही, टाकीच्या तळाचा गाळ जाळीत जाऊन बसतो, त्यामुळे हे होतच राहणार. मशीनला कारण माहीत आहे. पण ते सांगतं अशा भाषेत, जी फक्त सर्व्हिसवाल्याला येते.

उपाय? त्या मॉडेलच्या माहितीपुस्तकातून नेहमी लागणारे तीन-चार कोड काढा, मराठीत मोठ्या अक्षरात लिहा आणि मशीनच्या बाजूला चिकटवा. "ही अक्षरं आली तर आधी नळ बघा, मग टाकी, मग जाळी." अर्धं पान पुरतं.

चांगलं डिझाइन कसं ओळखायचं?

तुमच्या गल्ल्यावरच आहे. यूपीआयचा साउंडबॉक्स. कस्टमरनं पैसे पाठवले की डबा मराठीत ओरडतो, इतके रुपये मिळाले. तो एवढा का चालला? बनवणाऱ्यानं दुकानदाराचे हात बघितले. एका हातात तराजू, दुसऱ्यात पिशवी, डोळे मालावर, समोर चार गिऱ्हाइकं. फोन काढून मेसेज बघायला वेळ कुणाला आहे? मोकळे होते फक्त कान. मग पावती कानाला दिली. खोटा स्क्रीनशॉट दाखवून पळणाऱ्यालाही त्यानं आळा बसला.

दुसरं जुनं उदाहरण, २००३ चा नोकिया ११००. कॅमेरा नाही, रंगीत स्क्रीन नाही. पण वीज गेली की टॉर्च, कीपॅडमध्ये धूळ जाऊ नये अशी रचना, घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून बाजूला खडबडीत पकड. २५ कोटींहून जास्त विकला गेला. भारी फोन तेव्हाही बाजारात होते. पण हा रोजच्या जगण्यातल्या अडचणी बघून बनवलेला होता.

मग वस्तू अशा अवघड का बनतात?

कारण खरेदी करणारा माणूस आणि वापरणारा माणूस वेगळे असतात, एकच असला तरी! ऐकायला विचित्र वाटेल, पण याचा अभ्यास झालाय. २००५ मध्ये थॉम्पसन, हॅमिल्टन आणि रस्ट या तीन संशोधकांनी "फीचर फटीग", म्हणजे फीचरचा थकवा, या विषयावर शोधनिबंध लिहिला. त्यात दिसलं असं की, वापरण्याआधी लोक जास्त फीचरवाली वस्तू निवडतात. वापरल्यावर मात्र त्यांना सोपी वस्तू बरी वाटायला लागते.

म्हणजे काउंटरवर "१६ प्रोग्रॅम" ऐकून माणूस खूष होतो आणि घरी दोनच वापरतो. कंपनीला हे माहीत आहे. ती काउंटरवर जिंकण्यासाठी वस्तू बनवते, कारण घरात काय होतं ते तिला दिसत नाही. ऑनलाइनवाल्यालाही दिसत नाही. दिसतं फक्त आपल्याला, कारण फोन आपल्यालाच येतो. मित्रांनो, लहान दुकानदाराची खरी ताकद इथे आहे. किमतीत आपण ऑनलाइनशी लढू शकत नाही. पण डिझाइनर जिथे थांबला तिथून पुढचं काम आपण करू शकतो.

आता हिशोब करू. समजा एका सीझनला १०० एसी विकले आणि २० घरांतून रिमोटचा फोन आला. एका फेरीला पेट्रोल आणि माणसाचा वेळ मिळून २०० रुपये धरा. ४००० रुपये गेले. हे तर दिसणारं नुकसान झालं. त्या २० घरांतून चार दिवस "अमक्या दुकानातून घेतला, चालतच नाही" हे जे शेजारीपाजारी गेलं, त्याची किंमत तुम्हीच काढा.

दुकानात काय करायचं? पाच गोष्टी

पहिली: विचारा, "वापरणार कोण?" मुलगा पैसे देतोय, पण वापरणार आई असेल तर डेमो आईला द्या. ती आली नसेल तर डिलिव्हरीच्या वेळी घरी द्या.

दुसरी: डेमोत हात कस्टमरचा, तोंड आपलं. आपण भराभर बटणं दाबून दाखवली की त्याला फक्त आपली हुशारी दिसते. त्याला करू द्या, चुकू द्या, परत करू द्या.

तिसरी: सगळं शिकवू नका. रोज लागणारं एक काम आणि अडल्यावर करायचं एक काम. मिक्सरसाठी खालचं बटण, एसीसाठी मोड आणि बीप, मशीनसाठी नळ-टाकी-जाळी.

चौथी: टिकली आणि मराठी कागद. डिलिव्हरीच्या पिशवीत दोन्ही हवंच. तिसऱ्या दिवशी एक फोनही करा. "काही अडलं का?" असं विचारू नका, लोक संकोचानं "नाही" म्हणतात. "मशीन किती वेळा लावलं?" असं विचारा. "अजून लावलंच नाही" असं उत्तर आलं, की समजून जा.

पाचवी: वही घाला. कोणत्या मॉडेलवर कशासाठी फोन आला, एवढंच लिहायचं. तीन महिन्यांनी वही उघडली की कोणत्या मॉडेलचं डिझाइन लोकांना छळतंय ते तारखेसकट दिसेल. पुढची ऑर्डर देताना डिस्ट्रिब्युटरसमोर ती वही ठेवा. शंभर-दोनशे रुपये जास्त मार्जिन देणारं मॉडेल फेऱ्यांत तेवढंच खात असेल, तर ते भरायचं कशाला? आणि काही वस्तू टिकलीनंही सुधारत नाहीत. ज्यांना दिसत नाही त्यांना सपाट काचेची शेगडी विकण्यापेक्षा, फिरवायच्या बटणाची कमी किमतीची दाखवा. त्या दिवशी गल्ल्यात थोडं कमी येईल, पण ते घर दुसऱ्या दुकानात जाणार नाही.

तुमचं दुकान इलेक्ट्रॉनिक्सचं नसेल तरी हे लागू आहे. शिलाई मशीन विका, फवारणीचा पंप विका, नाहीतर मोबाईलचं कव्हर. माणूस जिथे अडतो तिथे तो स्वतःलाच दोष देतो आणि गप्प बसतो. गप्प बसलेला कस्टमर कम्प्लेंट करत नाही. तो परत येतच नाही.

या आठवड्याचं काम

दुकानातली सगळ्यात जास्त खपणारी एक वस्तू निवडा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात द्या. काहीही न सांगता, न हसता, दहा मिनिटं नुसतं बघा. ते कुठे थांबतात, कोणतं बटण आधी दाबतात, कुठे तुमच्याकडे बघतात, ते कागदावर लिहा. पुढच्या सोमवारपासून त्या वस्तूचा डेमो त्याच कागदावरून द्यायचा.

आणि ते बघताना त्यांच्या तोंडून "मलाच काही कळत नाही रे" असं आलं, तर त्यांना लगेच सांगा, "तुमचं काही चुकलं नाही, ते बटणच चुकीच्या जागी आहे." बघा, त्यानंतर त्या पुन्हा हात लावतात की नाही.